किल्लीकाका जागे झाले

मामी शेवटच्या रांगेत, अगदी भिंतीला टेकून बसली आणि तिने पर्सचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळला. पर्स अशी गुंडाळली म्हणजे मामी उठून जायच्या तयारीत आहे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

सकाळीच तिने मामांना निकाल ऐकवला होता. "डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना? गळा ताणलात तर उरलेला आवाजही जाईल. आज या खुर्चीवर मला शब्दन् शब्द ऐकू आला तर प्रवचनं चालू. नाही आला तर मी उभी राहीन. मी उभी राहिले की तुम्ही हात जोडायचे आणि खाली उतरायचं. विषय कायमचा संपला."

मामा आयुष्यभर गात गात प्रवचन सांगत आलेले. देवाचं नाव घेतलं की त्यांचं बोलणं कधी गाणं व्हायचं ते त्यांनाही कळत नसे. अशा माणसाला गप्प बसवणं म्हणजे मासा पुसून कोरडा ठेवण्यासारखं. पण आता गळ्यातून कुजबुजीएवढाच आवाज निघत होता. तो सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचवायचं काम भाच्यानं, म्हणजे ठोक्यानं, छातीठोकपणे अंगावर घेतलं होतं.

ठोक्या घरी लॅपटॉपवर नाचायचं संगीत बनवायचा. दिवसभर खोलीतून ठोके ऐकू येत, म्हणून हे नाव. त्याच्या हातची खास करामत म्हणजे गेट. गेट म्हणजे आवाजाच्या दारात उभा केलेला दरवान. एखादा लांबलचक सूर आत अडवून ठेवायचा आणि दरवानाला सांगायचं, बाबा रे, ढोल वाजला की दार उघड, ढोल थांबला की लाव. मग तो सपाट सूर ठोक्याठोक्याला धडधडत बाहेर येतो. आदल्या दुपारीच ठोक्यानं मामांचा एक जुना लांबवलेला सूर असाच कापून पाहिला होता आणि स्वतःवरच खूश झाला होता.

सभागृहाच्या चाव्या किल्लीकाकांकडे. ते गृहस्थ चाव्यांचा जुडगा हातात वाजवल्याशिवाय एक पाऊल टाकत नसत.

"हे लुकलुकणारं यंत्र लोकांसमोर नको," त्यांनी बजावलं. "मागच्या खोलीत ठेव. आणि खोलीला मी कुलूप लावणार. उघडी खोली मी ठेवत नाही."

"अहो काका, मधे काही बिघडलं तर?"

"बिघडेल असं आणलंस कशाला?"

ठोक्यानं लॅपटॉप आत ठेवला आणि दाराखालून वायरी बाहेर काढल्या. एक माइक मामांसमोर लावला. दुसरा वाजंत्र्याकडे. तिसरा पहिल्या रांगेत, किल्लीकाकांच्या खुर्चीपाशी. तो कर्ण्यांना जोडलेला नव्हता, लोकांचं सामूहिक गाणं नुसतं टिपून ठेवण्यासाठी होता. मामा माइकपुढे हळूच गुणगुणले. पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीपाशी किल्लीकाका जुडगा वाजवत उभे. मामांचा आवाज मधासारखा भिंतीपर्यंत पोचला. शेवटच्या रांगेतून मामीनं मान डोलावली. किल्लीकाकांनी खोलीला कुलूप ठोकलं आणि जुडगा पँटच्या खिशात, पोटाच्या बरोब्बर खाली, सारला.

सुरुवातीची प्रार्थना सगळ्यांनी मिळून गायली. मामांचा आवाज सगळ्यांवर तरंगत होता. ठोक्यानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि ते जरा लवकरच झालं.

प्रार्थना संपली. लोक श्रद्धेनं एकदम शांत झाले. मामांनी त्या दिवसाचं पद घेतलं, "गप्प बसेल जो, त्यालाच भेटेल तो." निदान घेतलं असावं. त्यांचे ओठ हलत होते, हात वर गेला होता, डोळे मिटले होते, आणि कर्ण्यांतून साधा श्वाससुद्धा येत नव्हता.

पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. कर्ण्यांतून खणखणीत "भेटेल!" आलं आणि पुन्हा सामसूम.

ठोक्यानं कपाळावर हात मारला. कालची मांडणी! लॅपटॉपवर त्यानं कालचंच काम उघडलं होतं. मामांच्या आवाजावर गेट तसंच होतं, आणि दरवान हुकूम घेत होता तिसऱ्या वायरीकडून. काल तिथे ढोल होता. आज तिथे पहिल्या रांगेतला माइक होता. त्याच्यापाशी आवाज झाला तरच मामांना तोंड फुटणार! मघाशी दार उघडं होतं ते आधी काकांच्या जुडग्यामुळे आणि मग सगळ्यांच्या प्रार्थनेमुळे. आणि मामा तर लोकांना गप्प बसायलाच सांगत होते.

मागे मामीनं पर्सचा तिसरा वेढा घेतला.

एवढ्यात किल्लीकाकांना, दर आठवड्याच्या शिरस्त्याप्रमाणे, झोप लागली. पहिलं घोरणं निघालं. कर्ण्यांतून "गप्प बसेल जो" आलं. काकांनी श्वास सोडला, शांतता. पुन्हा घोरले, "त्यालाच भेटेल तो." ठोक्या वाकत वाकत पहिल्या रांगेपाशी पोचला. किल्ली खिशात, खिसा पोटाखाली, आणि पोट वरखाली होत होतं. किल्ली काढावी तर काका जागे होणार. काका जागे झाले की मामा मुके.

काकांच्या शेजारी काकू. त्यांनी सवयीनं कोपर उचललं.

"काकू, नको!" ठोक्या कुजबुजला. "हात लावू नका त्यांना!"

"अरे, सगळे बघतायत. पहिल्या रांगेत मेली माझी अब्रू जाते दर वेळी."

"आजच्या दिवस जाऊ द्या अब्रू. घोरू द्या त्यांना, पाया पडतो तुमच्या."

"तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

"काका घोरतायत तोवर बरी आहे."

काकूंनी कोपर खाली घेतलं, पण खुर्ची अंमळ दूर सरकवली.

मामा मात्र मुरलेले. कर्ण्यांतून आपला आवाज येतो आणि जातो, एवढं त्यांना चार ओळींत कळलं. का, ते देवाला ठाऊक, म्हणून त्यांनी देवावर सोडलं. आवाज असेल तेव्हा ते गात, नसेल तेव्हा थांबत. वाजंत्र्यानंही ठेका घोरण्याच्या चालीवर आणला. लोकांच्या माना डोलू लागल्या. मामीनं पर्सचा एक वेढा सोडला.

आणि माशी आली. ती काकांच्या नाकावर बसली, नाकानं माशी झटकली, आणि किल्लीकाका खाडकन जागे झाले.

कर्णे मेले. मामा नेमके शेवटच्या दृष्टान्तावर होते. त्यांनी वाट पाहिली. आवाज येईना. मागे खुर्ची करकरली. मामी उठत होती. मामांनी ते पाहिलं, छाती भरून श्वास घेतला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. आता ते ओरडणार, आणि गळा जाणार.

ठोक्यानं सरळ काकांच्या खिशात हात घातला, जुडगा ओढला आणि माइकपुढे खुळखुळवला.

"चोर! चोर!" काका ओरडले.

"गप्प बसा हो!" काकू म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या जाग्या नवऱ्यावर चिडल्या होत्या.

मामांचा आवाज आला. भरलेला श्वास त्यांनी हलकेच सोडला आणि दृष्टान्त हळू आवाजात उचलला. अर्धवट उठलेली मामी टेकली. ठोक्या गुडघ्यांवर बसून जुडगा वाजवत राहिला. किल्ली हातात होती, कुलूप दहा पावलांवर होतं, पण वाजवणं सोडून जायची सोय नव्हती. दंड भरून आला, तरी शेवटच्या नमस्कारापर्यंत त्यानं ठेका सोडला नाही.

लोक पांगल्यावर मामी पुढे आली. ठोक्यानं मान खाली घातली.

"मामी, चूक माझी आहे. मामांची नाही."

"त्या यंत्रानं त्यांचा आवाज मधे मधे बंद केला ना?"

"हो."

"तसंच राहू दे ते."

"काय?"

"लग्न झाल्यापासून सांगतेय, अहो, मधे श्वास घ्या. कधी ऐकलं नाही, म्हणून तर गळ्याची ही दशा. आज पहिल्यांदा थांबले. आणि जेवढं बोलले तेवढं शब्दन् शब्द पोचलं." मग ती किल्लीकाकांकडे वळली. "पुढच्या वेळीही इथंच बसा. आणि निवांत झोपा हो, संकोच करू नका."

पुढच्या आठवड्यात पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर काकूंनी घरून आणलेली उशी ठेवली. माइक जवळ सरकवला. किल्लीकाका दुपारचं जेवण भरपेट करून आले, बसले, डोळे मिटले. पण झोपेचीच जबाबदारी अंगावर पडलेली! डोळ्याला डोळा लागेना. इकडून कूस, तिकडून कूस. काकू कानाशी लागल्या, "झोपा ना हो, लोक वाट बघतायत." शेवटी काका सरळ बसले, निमूटपणे खिशातून जुडगा काढला आणि माइकपुढे वाजवू लागले. मामा सुरू झाले.

प्रवचन संपलं तेव्हा काकांचा हात थांबला होता, पण डोळे वाहत होते. ते ठोक्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले,

"अरे, इतकी वर्षं मी इथं येतोय. हे इतकं सुंदर सांगतात, हे मला कुणी बोललं कसं नाही?"