शिवप्पाअण्णांची दस्ती

सिंगापूरच्या मेट्रोचं दार उघडलं आणि उतरणारे उतरायच्या आत शिवप्पाअण्णांची दस्ती आत गेली. पंचाएवढा चौकड्यांचा रुमाल तो. बरोब्बर एका सीटवर जाऊन पडला. शेजारचा टायवाला दचकून सरकला. मागून अण्णा घुसले आणि माझ्याकडे बघून ओरडले, "बालाजी, ये! धरलीय!"

डबा अर्धा रिकामा होता.

आमच्या गावात, जळकोटात, अण्णांचं किराणा दुकान एसटी थांब्यासमोर होतं. वळणावर गाडी दिसली की हातातला तराजू तसाच टाकून ते धावायचे आणि खिडकीतून दस्ती फेकायचे. गिऱ्हाईक करवादायचं, "अण्णा, साखर!"

"साखर कुठं पळून चाललीय का? गाडी पळून राहिली!"

"आधी जागा, मग गप्पा," हा त्यांचा मंत्र. गंमत अशी, की अण्णा स्वतः कुठंच जात नसत. जागा असायची एखाद्या बाळंतिणीसाठी, एखाद्या म्हाताऱ्यासाठी, आणि दर सोमवारी लातूरच्या कॉलेजला निघालेल्या माझ्यासाठी.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, आणि पावसानं पाठ फिरवली होती. कचेरीत खेटे घालणारे, कामधंदा शोधायला निघालेले, सगळे त्याच गाडीला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मला तर पाय ठेवायलाही जमलं नसतं. माझी पदवी अण्णांच्या दस्तीवर बसून झाली, असं म्हटलं तरी चालेल.

"तुम्ही पण चला की एकदा," मी म्हणायचो.

"मला कुठं जायचंय? तुला जायचंय."

म्हणून सिंगापूरला नोकरी लागल्यावर मी त्यांनाच बोलावून घेतलं.

इथलं त्यांना काही पटेना. "कंडक्टर न्हाई, घंटी न्हाई, आन् गाडी चालून राहिली! कुणाच्या भरोशावर?" फलाटावरची रांग बघून म्हणाले, "गाडी आली तरी पळंनात. कामून? जायाचं न्हाई का ह्यांना?"

एका संध्याकाळी गर्दीत अण्णा आत शिरले आणि माझ्या तोंडावर दार मिटलं. काचेतून ते आनंदानं सीटकडे बोट दाखवत होते. गाडी निघून गेली. अण्णांना ना इंग्रजी येत होतं, ना माझा पत्ता पाठ होता. मागून आलेल्या गाडीनं पुढच्या स्टेशनावर गेलो, तिथं नव्हते. त्याच्या पुढच्यावरही नव्हते. स्टेशनातल्या माणसाला सांगितलं: धोतर, टोपी, कपाळाला विभूती. त्यानं फोन फिरवले. शेवटच्या स्टेशनावर असा एक म्हातारा गाडीतून उतरायलाच तयार नव्हता.

मी पोचलो. डबा रिकामा होता. सीटवर दस्ती, दस्तीवर अण्णांचा हात, आणि अण्णा उभे.

"अण्णा, पुढच्याच स्टेशनाला उतरायचं ना!"

"उतरलो असतो तं जागा गेली असती," ते म्हणाले. "तू मधी कुठंतरी चढशील म्हणून थांबून राहिलो." आवाज करारी होता, पण दुसऱ्या हातानं त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

परतीची गाडी समोर लागली. ऑफिसच्या कपड्यांतच मी रांग मोडून आत घुसलो आणि सीटवर माझा रुमाल फेकला.

"अण्णा, या! धरलीय!"

लोक बघत राहिले. अण्णाही रुमालाकडे बघत राहिले.

"माझ्यासाठी?"

मग त्यांनी तो उचलला, नीट घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि हळूच बसले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. जागा मिळाली होती. पण आमचं स्टेशन आलं तरी गप्पा काही सुरू झाल्या नाहीत.