ठकूमावशीची वाइन आणि माझी बादली

एका जंगलात, मुलांनो, रेड वाइन तयार होत असे. ते मोठ्यांचं पेय आहे. तुम्ही फक्त गोष्ट ऐका.

तिथल्या उतारावर ठकूमावशी नावाच्या अस्वलिणीचा द्राक्षमळा होता. तिच्याकडे तीन जातींची द्राक्षं होती. माथ्यावरची काळी, ओढ्याकडची मऊ आणि बांधावरची बारीक मण्यांची. तिन्हींची वाइन वेगवेगळ्या पिंपांत मुरायची. मग मावशी जिभेवर थेंब थेंब घेऊन त्यांचं मिश्रण करायची.

"एकट्या काळ्याने तोंड आवळतं," ती म्हणायची. "ओढ्याकडचं नुसतंच गुळमुळीत. बारीक मण्यांचं थोडं घातलं, की दोघांचं भांडण मिटतं."

एकदा सिंहमहाराजांनी हुकूम काढला. राजपरीक्षक ज्या मळ्याची वाइन नापास करेल, तो मळा उपटायचा आणि तिथे सरकारी विश्रामगृह बांधायचं. मावशीची तीस वर्षं त्या वेलींत गेली होती.

राजपरीक्षक कोण? मी. मी रानडुक्कर आहे. महाराज म्हणाले होते, "याचं नाक सगळ्यांत लांब. याला वास कळणारच." मलाही ते पटलं. स्वतःबद्दलचं चांगलं मला चटकन पटतं.

परीक्षेच्या दिवशी मी उशिरा पोचलो. साहेबांनी उशिरा पोचायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. टेबलावर इवले इवले पेले होते आणि टेबलाच्या कडेला एक बादली.

आता या धंद्याची एक रीत आहे. वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि बादलीत थुंकायची. कोल्हा, तरस, माकडं, सगळे दरबारी तेच करून बसले होते. मला मात्र ही रीत कुणी सांगितली नव्हती. आमच्या घरात तोंडात गेलेलं कुणी बाहेर काढत नाही.

मला वाटलं, मोठ्या पाहुण्यासाठी मोठं भांडं ठेवलंय. मी बादलीत तोंड घातलं आणि तळ गाठला.

मावशी धावत आली. "अहो साहेब, ती..."

"थांबा!" मी डोळे मिटले. "वा! जुनं चामडं. भिजलेलं लाकूड. आणि मागे हलकेच... अनेकांचा सहवास!"

टेबलापलीकडच्या उंच आसनावरून महाराजांना बादली दिसलीच नव्हती. "उत्तम!" ते गरजले. "मळा पास. यापुढे दरबारात हीच वाइन!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग वेलींकडे. खरं बोलावं तर निकाल रद्द आणि मळा जाणार. तिने महाराजांना वाकून नमस्कार केला. दरबाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला पितळी बिल्ला मिळाला. मावशीच्या मळ्यात दरबाऱ्यांची रांग लागू लागली. तिने मन लावून केलेलं मिश्रण ते घोळवायचे, थुंकायचे आणि हुकूम 'हीच वाइन' असा होता म्हणून बादल्याच महालात जायच्या. महाराज रोज जेवणाआधी एक पेला घेत.

वर्षभराने मावशीने मला एक वाटी भरून दिली. "ही माझी. कुणाच्या तोंडात न गेलेली. एकदा घेऊन तर बघा."

मी घेतली. काय सांगू, मुलांनो! तीन चवी एकामागून एक आल्या आणि एकत्र बसल्या. मला एकही शब्द सुचेना. मला रडू आलं. रडणारं डुक्कर फार वाईट दिसतं.

"मावशी, मग तेव्हा मी काय प्यालो?"

तिने सांगितलं. मी खाली बसलो.

"आता तुम्हीच महाराजांना सांगा," ती म्हणाली. "तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. मळाही वाचेल आणि वाइनही. माझं वय झालं हो. मी गेल्यावर लोकांनी त्या बादलीला माझं नाव द्यायला नको."

"आत्ताच सांगतो," मी म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो. धावतच दरबारात गेलो.

"बोला, परीक्षकसाहेब!" महाराज म्हणाले. सगळे दरबारी अदबीने उठून उभे राहिले. माझ्यासाठी याआधी कुणीही कधी उठलं नव्हतं.

"महाराज, एक विनंती होती," मी म्हणालो. "यंदा बादली जरा मोठी हवी."

तात्पर्य: मुलांनो, आपली चूक नेहमी उघडपणे कबूल करावी. त्यासाठी मन मोठं लागतं. आणि ते, माझ्या अनुभवाने सांगतो, पेन्शन सुरू झाल्यावर आपोआप मोठं होतं.