सिद्रामअण्णांचा माळा

सिद्रामअण्णांना तुम्ही 'आज वार कोणता?' एवढं जरी विचारलंत, तरी ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी उजवा पंजा वर करतात, डोळे छताला लावतात आणि म्हणतात, "थांबा. माळ्यावर हाय. काढतो." मग खरोखरच कोणीतरी शिडी लावून वर चढावं आणि डबे हलवावेत, एवढा वेळ जातो. पंजा खाली येतो. "गुरुवार." वार बरोबर असतो.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी त्यांना विचारलं, "आपण काय करता?" अण्णांनी पंजा वर केला. व्याह्यांना वाटलं, आशीर्वाद देताहेत. ते वाकले. अण्णांचा पंजा वर, व्याही खाली, आणि उत्तर अजून माळ्यावर. फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला. तो आमच्या अल्बममध्ये आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत अण्णांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. त्यामुळे पाहिलं तेवढंच लिहितोय, आणि ऐकीव असेल तिथे तसं सांगेन. अण्णा पासष्टीच्या पुढचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही एकदम. त्यांच्या वडिलांपासून चादरीचे माग होते. आता मागाच्या शेडमध्ये गल्लीतल्या स्कूटरी लागतात.

हा 'माळा' अण्णांच्या बोलण्यात आला तो त्यांच्या यंत्रातून. त्यांच्याकडे हातात मावेल असा एक छोटा संगणक आहे. त्याला मोबाइल म्हटलं की अण्णा दुखावतात. "मोबाइल न्हवं हो. लिनक्स हाय ह्यात, लिनक्स." मंगळवार बाजारात जुन्या चार्जरांच्या ढिगाखाली तो त्यांना सापडला. तळहाताएवढा पडदा, खाली गव्हाच्या दाण्यांएवढी बटणं. त्याची स्मरणशक्ती एकशे अठ्ठावीस एमबी. माझ्या हिशेबाने आजच्या साध्यातल्या साध्या मोबाइलला त्याच्या तीसपट तरी असते. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "तीसपट खोल्यांचं घर हाय म्हणून मानूस तीसपट झोपतो का?"

पण अण्णांचं काम मोठं आणि खोली लहान. काम अर्ध्यात आलं की यंत्र 'जागा नाही' म्हणून हात वर करायचं. मग कुठल्या कुठल्या परदेशी माणसांचे लेख वाचून अण्णांनी त्यावर तोड काढली. यंत्रात जे मेमरी कार्ड बसतं, त्याचा एक कोपरा त्यांनी यंत्राला नेमून दिला. त्याला म्हणतात स्वॅप फाइल. मला त्यांनी ती अशी समजावली :

"दहा बाय दहाची खोली हाय. पावनं आलं. मग सतरंज्या, पाट, मोठं पातेलं, जे आत्ता लागत न्हाय ते माळ्यावर. लागलं की खाली. खोली तेवढीच, पन संसार मोठा. कळलं? मी लिनक्सला माळा बांधून दिला."

"मग अडचण काय?"

"शिडी," अण्णा म्हणाले. "चढ-उतार आली. यळ लागतो."

म्हणजे यंत्र चालायचं, पण आचके देत. एक बटण दाबलं की कडेचा तांबडा दिवा लुकलुकायला लागायचा. दिवा लुकलुकतोय तोवर समजायचं, लिनक्स शिडीवर आहे. आता कशालाही हात लावायचा नाही. सर्वांत मोठं पाप म्हणजे तेवढ्यात कार्ड ओढून काढणं. "आधी माळा रिकामा करायचा, मग शिडी काढायची. न्हाय तर वरचा वर, खालचा खाली."

अजून एक कळ होती. माळ्यावर किती सारखं चढायचं, याचा एक आकडा यंत्राला देता येतो. शून्याच्या जवळ ठेवला तर अगदी नडल्यावरच ते वर जातं. शंभर ठेवला तर उठसूट चढत बसतं. अण्णांनी दहा ठेवला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि आकडा एकदा पाहिला की मी विसरत नाही.

एवढ्या चढ-उतारीने कार्डं झिजून मरायची. गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान चालवणारा बाबाभाई हैराण होता. "अण्णा, कार्डां खाते क्या तुम? भाजी करके?" मेलेली कार्डं अण्णा टाकायचे नाहीत. कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवायचे. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "अण्णा, ही बिनकामाची कशाला हो जपता?" अण्णांनी पंजा वर केला नाही. लगेच म्हणाले, "एकदा कार्डं टाकली व्हती वैनी. आता न्हाय टाकत."

ती गोष्ट मला अण्णांकडूनच कळली, थोडी थोडी.

चादरीवरची नक्षी मागावर उतरायची ती कार्डांनीच. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, दोरीने एकमेकांना शिवून मागावर टांगायची. भोकाप्रमाणे धागे उचलले जायचे आणि फूल उमटायचं. अण्णांच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, स्वतःची एक नक्षी होती. कमळं आणि मधे पाठमोरा मोर. पाठमोरा का, तर अप्पा म्हणायचे, समोरचा मोर सगळेच काढतात. माग बंद केले त्या आठवड्यात अण्णांनी शेड रिकामी केली आणि भंगारवाल्याला त्या नक्षीची कार्डंही देऊन टाकली. जेऊरला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, शिवम्माअक्कांना, हे कळलं. त्यांनी भावाशी बोलणं सोडलं. एक निरोप तेवढा आला, "अप्पाची नक्षी आन, मग तोंड दाखव."

बारा-चौदा वर्षं अशीच गेली. मग अक्का पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांनी खाट धरली. भाच्याने, मल्लूने, फोन केला. अण्णा धावत गेले. अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आनलीस का?"

पण अक्कांच्या अंगावर त्याच नक्षीची चादर होती. अप्पांनी लेकीच्या लग्नात दिलेली, शेवटची उरलेली. जागोजागी विरलेली, आणि प्रत्येक धुण्यात थोडी कमी होणारी. अण्णांनी तिथेच ठरवलं. ही चादर धाग्याधाग्याने वाचायची, यंत्रात उतरवायची, नवी कार्डं पाडायची आणि चादर विणून अक्काच्या अंगावर घालायची. चादर विरून जायच्या आत, आणि अक्का जायच्याही आत.

"चादर सोलापूरला आणा की," मी म्हणालो.

"मागितली. म्हनती, कार्डं नेलीस, आता चादर नेनार?"

"मग फोटो काढा."

"भोकाचा फोटो काढला तर भोकच येतंय. तितं काय व्हतं ते अक्कालाच ठावं."

म्हणून दर रविवारी अण्णा यंत्र आणि भिंग घेऊन जेऊरची गाडी धरतात. पावसाने, तापाने, दिवाळीने त्यात खंड पडलेला मी पाहिला नाही. मल्लूने त्यांना मोठा टॅब देऊ केला. माझ्या मुलीने जुना लॅपटॉप देऊ केला. अण्णांनी दोन्ही वेळा पंजा वर केला आणि तो खाली आलाच नाही.

एका रविवारी मीही सोबत गेलो. मला या कामाचा वेग मोजायचा होता. माझ्या अंदाजाने ही नक्षी दोन-तीन महिन्यांत संपायला हवी होती, आणि वर्ष उलटून गेलं होतं. आकडा जुळत नसला की मला चैन पडत नाही.

केम स्टेशन मागे पडलं तसं अण्णांनी यंत्र काढलं आणि गव्हाच्या दाण्यांवर काहीतरी टाइप केलं. मी शेजारीच होतो. दहाचा आकडा त्यांनी शंभर केला.

'चुकून एक शून्य जास्त पडलं,' असं माझ्या मनात आलं. सांगणार तेवढ्यात जेऊर आलं.

अक्का खाटेवर उशीला टेकून होत्या. लहानखुऱ्या, करारी. माझ्याकडे पाहून मान हलवली. भावाकडे पाहिलंही नाही. चादरीचा कोपरा तेवढा पुढे सरकवला. अण्णा जमिनीवर बसले, भिंग लावलं, धागे मोजले, बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. आणि दिवा लुकलुकताच अक्का बोलल्या.

"ऊट आयता?" म्हणजे, जेवलास का?

"आयतु अक्का."

"काय जेवलास? तोंड बघ की कसं सुकलंय. सून करून घालती का न्हाय?"

"घालती की."

"शेडमधलं लिंबाचं झाड हाय का?"

"हाय. त्येच्याखाली आता स्कूटरी लावत्यात."

"अप्पा असता तर हवा सोडली असती सगळ्यांची." दोघं हसले. दिवा विझला. अक्कांनी तोंड भिंतीकडे केलं.

अण्णांनी पुन्हा धागे मोजले. "अक्का, हितं भोक हाय. पाकळी लाल का पिवळी?"

"पिवळी," भिंतीकडून उत्तर आलं. बटण. दिवा. अक्का वळल्या. "लाल केली व्हती आधी. आईला आवडली न्हाय, म्हनून अप्पानं पिवळी केली. तू तवा पाळन्यात व्हतास, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

सकाळभर हे असंच. काम चालू तोवर अबोला. काम अडलं की बोलणं. अडून बसल्यावर माणूस करणार काय, असा दोघांचाही चेहरा. मी मनातल्या मनात हिशेब केला. कामाला लागलेला वेळ थोडा, अडलेला बराच.

दुपारी अण्णा हात धुवायला परसात गेले. यंत्र खाटेच्या कडेला, दिवा लुकलुकत. मल्लू त्याच्या दुकानातून आला. अक्कांच्या भजनाच्या स्पीकरला कार्ड हवं होतं. त्याने सरळ यंत्रातलं ओढलं.

"मल्ल्या!" अक्का खाटेवरून उठायच्याच बाकी राहिल्या. "माळा वडलास की रं त्येचा! लिनक्स शिडीवर हाय, दिसत न्हाय?"

मल्लू कार्ड हातात धरून दगड झाला. यंत्राचा पडदाही तसाच गोठला. अण्णा टॉवेलला हात पुसत दारात उभे होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं नाही. ते अक्कांकडे पाहत होते.

"आजचं गेलं," मल्लू पुटपुटला. "मामा, चुकलं."

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "आधीची नक्षी यंत्राच्या पोटात हाय. माळ्यावर नुसता आजचा पसारा व्हता."

आता मात्र मला राहवेना. "अण्णा, मुळात हे इतकं हळू चालायलाच नको. तुमचा तो आकडा..."

"तम्मा," अक्का मधेच म्हणाल्या, "पावन्याला गार पानी आन. माठातलं. आन मल्ल्या, तू दुकानात जा."

दोघं गेले. अक्कांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला.

"तुमी हिशेबी मानूस म्हनं."

"हो."

"मग एक ऐका. त्येला लवकर व्हायची युक्ती सांगू नका." त्यांनी चादरीची विरलेली पाकळी बोटाने सारखी केली. "त्येचं डबडं लई हळू हाय. हळूच बरं हाय."

अण्णा पाणी घेऊन आले. मी ते प्यायलो आणि आकड्याचा विषय सोडला. अण्णांनी कार्ड घातलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, सकाळचीच पाकळी पुन्हा मोजायला घेतली. अक्का भिंतीकडे वळायच्या विसरल्या होत्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून अण्णांनी यंत्र काढलं आणि शंभरचा आकडा पुन्हा दहा केला. मी न राहवून विचारलं, "अण्णा, घरी दहा आणि जेऊरला शंभर, हे कसं?"

अण्णांनी पंजा वर केला. "थांबा. माळ्यावर हाय."

कुर्डुवाडी गेलं. माढा गेलं. मोहोळ गेलं. अण्णांचा पंजा गुडघ्यावर आला होता, पण उत्तर काही खाली आलं नाही. सोलापूरच्या फलाटावर उतरताना ते एवढंच म्हणाले, "फुडच्या ऐतवारी लवकर बोलवलंय अक्कानं."

सोमवारी भिंतीपलीकडून कळलं की मल्लूच्या त्या ओढाओढीने कार्ड अखेर मेलं. अण्णांना कणकण होती. मी ऑफिसला जाताना बाबाभाईच्या दुकानात थांबलो आणि अण्णांसाठी कार्ड मागितलं. मी हिशेब तपासणारा माणूस. आजवर कोणतीही वस्तू घेताना दोनदा चौकशी केल्याशिवाय घेतलेली नाही.

बाबाभाईने काचेखालून एक चकचकीत पाकीट काढलं. "ये लेव साब. एकदम फास्ट. कंपनीका सबसे फास्ट."

"हे नको," मी म्हणालो. "तुझ्याकडे सगळ्यात हळू कोणतं आहे?"