गरुडाचं तिकीट

सुकदेव नानांनी सोनेरी गरुडाचा डोळा फोडला तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ अगदी अचूक आहे, कारण ती नानांनीच पुढे अहवालात लिहिली. कंडक्टर माणूस, बायकोशी भांडण झालं तरी आधी घड्याळ बघणार.

गरुड खरा नव्हता, पत्त्यांतला होता. नानांचे जुने ड्रायव्हर अमीनभाई, त्यांची अकरा वर्षांची नात आयत 'महाचक्र' नावाचा एक खेळ खेळायची. आपला मेंढीकोट नव्हे, आणि बदाम सात तर नव्हेच नव्हे. यातली पानं बंद पाकिटांतून घ्यायची, मैत्रिणींशी अदलाबदल करायची, त्यातून चव्वेचाळीस पानांचा स्वतःचा संच जमवायचा आणि तो घेऊन दुसऱ्याच्या संचाशी लढायचं. सोनेरी गरुड म्हणजे त्यातलं सगळ्यात भारी पान. अख्ख्या जळगावात दोघांकडेच आहे, असं आयतचं म्हणणं होतं. दीड वर्ष अदलाबदल करून तिने तो मिळवला होता.

आता धुळ्याचा एक रिटायर कंडक्टर, वय वर्षं चौसष्ट, दर गुरुवारी एस.टी.त बसून जळगावला, मेहरूणमध्ये, हे पत्ते कुटायला का यायचा, ते सांगायला हवं. नाना आणि अमीनभाई बावीस वर्षं धुळे-जळगाव गाडीवर बरोबर होते. पारोळा, एरंडोल, पुन्हा एरंडोल, पारोळा. लोक म्हणायचे, जोडी असावी तर अशी. पण अमीनभाई पुढे तोंड करून बसलेले, नाना मागे गर्दीत अडकलेले. मधे माणसं, बोचकी आणि एखादी कोंबडी. दोघांचं बोलणं व्हायचं ते घंटीनं. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. एवढ्यावर बावीस वर्षं निघाली.

पुढे अमीनभाई मुलाकडे जळगावला राहायला आले. नाना हौसेनं भेटायला गेले, समोरासमोर बसले आणि दोघांच्याही लक्षात आलं की आपल्याला एकमेकांशी बोलायची सवयच नाही.

"बरं शे ना, अमीन?" नाना म्हणाले.

"बरं शे." अमीनभाई मूळचे सोनगीरचे. त्यांची अहिराणी नानांपेक्षा पक्की. "तुन्हं?"

"मन्हंबी बरं शे."

चहा आला, चहा संपला. दुसऱ्या खेपेला तर चहासुद्धा लवकर संपला. नाना चपला शोधायला लागले तेव्हा आयतने पत्त्यांचा डबा पुढ्यात ठेवला. तिची जोडीदारीण मोहिनी वडिलांच्या बदलीमुळे भुसावळला गेली होती. आजोबांना तिने शिकवलं होतं, पण ते दुसऱ्या डावाला घोरायला लागायचे.

"नाना, तुमची बस दोनला आहे ना? मग बसा की," आयत म्हणाली.

नाना बसले, ते बसलेच. "हुकूम कोणता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"यात हुकूम नसतो."

"बिनहुकमाचा खेळ? अगं, मग मोठं कोण, लहान कोण, कळायचं कसं?"

शेवटी नानांनी आपल्या परीने खेळ समजून घेतला. हातातली पानं म्हणजे स्टँडवर उभे प्रवासी. टेबलावर मांडली की गाडीत बसले. मेली की उतरले. पानावर लिहिलेला 'दम' म्हणजे डिझेल. संच चव्वेचाळीस पानांचा आहे म्हटल्यावर तर ते खूश झाले. "गाडीच्या सीटा चव्वेचाळीस! अमीन, बघ रे! उभे अकरा चालतात का?" उभे चालत नाहीत, हे ऐकून थोडे हिरमुसले. पण दर गुरुवारचा नाद लागला. नाना चुकायचे, आयत ओरडायची, अमीनभाई हसायचे आणि या गडबडीत दोन म्हातारे एकमेकांशी बोलायला लागले. कोणत्या वळणावर टायर फुटलं होतं, पारोळ्याला कोण बाई रोज सुटे पैसे नाहीत म्हणायची, सगळं निघायला लागलं.

एक गोष्ट मात्र नानांना शेवटपर्यंत पटली नाही. या खेळात पान एकदा वापरलं की ते त्या फेरीपुरतं आडवं ठेवायचं.

"आडवं? आणि पंख्याच्या वाऱ्यानं सरळ झालं तर? तपासनीस आला तर काय दाखवशील? वापरलेलं ते वापरलेलं दिसलं पाहिजे!"

"नाना, पानाला काहीही करायचं नाही. आणि भरिताचे हात आधी धुऊन या!" आयत सांगायची. नानांबरोबर त्यांची बायको प्रमिलाबाई दर खेपेला भरिताचा डबा द्यायच्या. "डाग पडला तर पान पाठीमागून ओळखू येतं. मग संच बाद. रविवारी स्पर्धा आहे माझी."

"हां, ते बरोबर. नियम म्हणजे नियम," म्हणून नाना हात धुऊन यायचे.

हात धुतले, पण हाताची सवय धुतली जाते थोडीच? नानांच्या शर्टाच्या खिशात तिकिटं टोचायचा पंच असायचा. मशीनची तिकिटं आली तेव्हा डेपोतले जुने पंच भंगारात निघाले. त्यातला एक नानांनी साहेबांची परवानगी घेऊन, आणि तीही लेखी, स्वतःकडे ठेवला होता. तेव्हापासून पेपर वाचताना टिक टिक, भाकरीची वाट बघताना टिक टिक. प्रमिलाबाई म्हणायच्या, "एक दिन पांझरा नदीमा फेकी दिसू तो पंच!"

फेकला असता तर बरं झालं असतं.

स्पर्धेच्या आधीचा गुरुवार. आयत म्हणाली, "आज माझा संच तुम्ही खेळा, नाना. मी आजोबांचा घेते. गरुड समोरून कसा चालून येतो ते मला बघायचंय." एवढा विश्वास! नाना खुर्चीत ताठ बसले. आणि खेळलेही असे की विचारू नका. गरुड मांडला, झेपावला, आयतची तीन पानं एका फटक्यात उतरवली.

"बापरे, नाना! थांबा, दादी बोलावतेय. गरुड वापरला गेला, तो आडवा करा, मी आलेच." आयत स्वयंपाकघरात गेली.

गरुड वापरला गेला. नानांनी अभिमानानं तो उचलला. डोळे गरुडाच्या सोनेरी पंखांवर होते, आणि हात कुठे गेला ते त्यांना कळलंच नाही.

टिक.

पलंगावर बसून डुलक्या घेणाऱ्या अमीनभाईंचा उजवा पाय झोपेतच, ब्रेक दाबावा तसा, फरशीवर दाबला गेला. त्यांनी डोळे उघडले. समोर नाना, एका हातात पंच, दुसऱ्या हातात गरुड. कडेला, जिथे गरुडाचा डोळा होता, तिथून पलीकडची भिंत दिसत होती.

"हाई काय करं, सुकदेव?"

"मी नाही केलं रे. हातानं केलं."

दोघं फरशीवर ओणवे झाले. टोचून उडालेली टिकली सापडली. डिंक सापडला. पण नानांना चष्म्याशिवाय दिसेना आणि अमीनभाईंचा हात थरथरायचा, त्यामुळे टिकली बसली ती उलटी, पांढरी बाजू वर. गरुडाला मोतीबिंदू झाला. आतून आयतची पावलं वाजली तशी नानांनी पान संचाच्या मधोमध खुपसलं आणि डबा बंद केला.

"खेळ संपला?" आयतने दारातून विचारलं.

"आम्ही दूध घेऊन येतो," नाना म्हणाले.

"दूध आहे घरात."

"अजून घेऊन येतो," अमीनभाई म्हणाले आणि दोघं चपला उलटसुलट घालून निघाले.

फुले मार्केटजवळ स्वप्नीलचं या पत्त्यांचं दुकान होतं. रविवारची स्पर्धा तिथेच होती. "सोनेरी गरुड द्या एक," नानांनी किलोभर साखर मागावी तसं मागितलं.

"काका, तसा सुटा मिळत नाही. पाकीट घ्यायचं. आत काय निघेल ते तुमचं नशीब."

"म्हणजे तिकीट आधी फाडायचं आणि गाडी कुठे जाते ते नंतर कळणार? अहो, मी असं केलं असतं तर लोकांनी एरंडोललाच उतरवून चोपलं असतं मला!"

पण गरज नानांना होती. पाकीट घेतलं, फोडलं. आत चिखल्या बेडूक निघाला. दुसऱ्यात बेडूक. तिसऱ्यात एक सरडा निघाला, त्यामुळे दोघांना जरा धीर आला. पण चौथ्यात, पाचव्यात, सहाव्यात पुन्हा बेडूकच.

"सुकदेव," अमीनभाई म्हणाले, "हाई दुकान नही, डबकं शे."

दोघं दुकानासमोरच्या बाकावर बसले. मांडीवर पाच बेडूक आणि एक सरडा. मग अमीनभाई हळूच म्हणाले, "मी सांगस आयतले. मन्हा हातथाईन व्हयनं म्हणीसन."

"पंच कंडक्टरचा असतो, अमीन. ड्रायव्हरनं मारला असं पोर तरी मानेल का?" नानांनी मांडीवरची पानं सारखी केली. "मला भीती गरुडाची नाही रे. तिची स्पर्धा माझ्यामुळे बुडाली. आता ती रुसली, पत्ते आवरून ठेवले तिनं, तर मी गुरुवारी येऊन काय करू? तुझ्याशी काय बोलू?"

अमीनभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "खरं शे," ते म्हणाले.

नाना उठले. दुकानाच्या दारात स्पर्धेचे छापील कागद ठेवले होते, त्यातला एक घेतला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. नोकरीत चूक झाली की अहवाल लिहायचा आणि पुढची शिक्षा मान्य करायची. दुसरी पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती.

घरी आल्यावर नानांनी तो कागद दोन्ही हातांनी आयतच्या पुढे धरला. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"'अहवाल. आज गुरुवार रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मौजे मेहरूण येथे खेळ चालू असताना, निम्नस्वाक्षरीकाराचे हातून सवयीने सोनेरी गरुड यास पंच झाला. गरुडाची चूक नाही. ड्रायव्हर श्री. अमीन यांची चूक नाही, ते झोपले होते. संच बाद होण्यास निम्नस्वाक्षरीकार एकटा जबाबदार आहे. होईल ती शिक्षा मान्य. सोबत बेडूक नग पाच, सरडा नग एक.'"

आयतचे डोळे लाल होते, हे नानांनी आता पाहिलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "टिक ऐकू आला मला. रडले मी आत. दादीला विचारा."

"रडली ना, खूप रडली," आयतची दादी हमीदाभाभी दारातून म्हणाल्या. "मी म्हटलं, नानाभाऊ स्वतः सांगतील. बघ, सांगितलं की नाही?"

"पण मोतीबिंदू कोणी केला?" आयतने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आयतला हसू आलं, ते तिने दाबलं आणि कागद उलटला. मागे स्पर्धेचे नियम छापलेले होते. ती वाचता वाचता थांबली. पुन्हा एकदा वाचलं.

"नाना, ऐका. 'संचातील एखादेच पान खुणेमुळे वेगळे ओळखू येत असल्यास संच बाद.' एखादेच!"

"मग?"

आयतने टाचणीनं गरुडाचा मोतीबिंदू काढला. मग उरलेली त्रेचाळीस पानं नानांच्या पुढ्यात ठेवली. "एकालाच भोक असलं तर ती खूण. सगळ्यांना, त्याच जागी असलं तर ओळखणार कसं? करा पंच."

नानांनी पंच काढला. पहिलं पान पंचाच्या दाताशी धरलं आणि हात अडला. न बघता हजारो तिकिटं टोचलेला हात, बघून मारायची वेळ आली तर जागचा हलेना. "नाही होत गं, बाई. तुझी दीड वर्षाची कमाई आहे ही."

पुढचं इथेच सांगून टाकतो. रविवारी स्वप्नीलने भोकं पाहिली, नियम चार वेळा वाचला, डोकं खाजवलं आणि आयतला खेळू दिलं. ती तिसऱ्या फेरीत हरली. समोरच्या पोराकडे चिखल्या बेडूक होता. पण ते रविवारचं. गुरुवारी अजून नानांचा हात तसाच अडलेला होता.

अमीनभाई हे सगळं बघत होते. ते उठले, लाकडी खुर्ची ओढली आणि नानांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले. मग मान न वळवता त्यांनी हाक दिली.

"सुकदेव, बठ्ठा बसनात का?"

नानांनी पंच सरसावला. "बसतात, बसतात! जरा थांब! चला, तिकीट बोला, तिकीट!"

टिक. टिक. टिक. हात सुटला. आयत पान पुढे करत होती, नाना टोचत होते, टिकल्या फरशीभर उडत होत्या आणि हमीदाभाभी ओरडत होत्या, "झाडू कोण मारणार आहे नंतर?" शेवटचं पान झालं. नानांनी सवयीनं सगळी पानं पुन्हा बोटानं मोजली.

"चव्वेचाळीस. उभा कोणी नाही."

आणि त्यांनी पंच चहाच्या कपावर वाजवला, दोनदा. खिडकीपाशी अमीनभाईंचा उजवा पाय हळूच फरशीवर दाबला गेला.