चक्कर परिवार

आजार माणसाला एकट्याला होतो. पण तो एकट्याने भोगणे हल्ली असंस्कृतपणाचे मानले जाते.

झेरॉक्सच्या दुकानातल्या काकूंना हे जरा उशिरा कळले. एके सकाळी कागद भरायला त्या वाकल्या आणि अख्खे दुकान त्यांच्याभोवती गरगर फिरले. समोरचे गिऱ्हाईकही फिरले. (त्याच्या प्रती मात्र सरळ निघाल्या.)

काकूंनी मोबाइलला विचारले. पहिल्याच पानाने त्यांना मेंदूत गाठ देऊन टाकली. दुसऱ्याने गादी बदलण्याचा सल्ला दिला. (गादी त्याच पानावर मिळत होती.) एका रुग्णालयाच्या पानावर 'बरेचदा कारण कानात असते, डॉक्टरांना दाखवा' असेही होते. पण त्यात ना एक उद्गारचिन्ह, ना कोणाचा रडवेला फोटो. खाली फक्त लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि तारीख. असल्या कोरड्या मजकुरावर शहाण्या माणसाने विश्वास ठेवायचा तरी कसा?

शेवटी भाचीने त्यांना मोबाइलवरच्या 'चक्कर परिवार' या गटात घातले. तिथे झाले तसे स्वागत काकूंचे सासरीही झाले नव्हते. रोज सकाळी ढीगभर माणसे विचारत, "ताई, आज किती फिरलं?" परिवाराचे ज्येष्ठ म्हणजे लिंबूकाका. चक्कर, केसगळती आणि सुनेचा स्वभाव, तिन्हींवर ते लिंबूच देत. गुण ब्याण्णव टक्के. (उरलेले आठ टक्के लोक लिंबू नीट पिळत नाहीत.)

काकू मनोभावे लिंबू पीत राहिल्या आणि एक दिवस जिन्यावरून पडता पडता वाचल्या. मग मात्र घरच्या काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, काही ऐकून घेतले नाही. हाताला धरून त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी काकूंना टेबलावर आडवे केले, मान एका बाजूला वळवून धरली, मग दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर वळवून उठवून बसवले.

"कानातले बारीक कण जागा सोडून सरकले होते. राहा आता उभ्या."

काकू उभ्या राहिल्या. खोली जागच्या जागी राहिली. काकूंना रडूच फुटले.

घरी येऊन त्यांनी गटावर लिहिले, 'मी बरी झाले!'

 एकीने लिहिले, 'सुरुवातीला असंच वाटतं, ताई.' दुसऱ्याने विचारले, 'असं लिहायचं डॉक्टर काय देतात?' लिंबूकाकांनी निदान केले, 'लिंबू उशिरा लागू पडलं.' संध्याकाळी, गैरसमज पसरवल्याबद्दल, काकूंना परिवारातून काढण्यात आले.

"बरी झालीस ना? मग तोंड का पाडून बसलीयस?" दुसऱ्या दिवशी काका म्हणाले.

"सकाळपासून कुणी विचारलं नाही, कशी आहेस म्हणून."

"मी विचारलं की!"

"तुम्ही एकटेच."

आठवडाभरात काकूंचा गुडघा दुखू लागला. त्याचाही परिवार निघाला. माणसे फार प्रेमळ आहेत म्हणतात.

आपण सुज्ञ वाचक, म्हणून हसलात. मान वळवायची ती युक्ती मात्र मनात टिपून ठेवलीत, आणि घरात कोणाच्या मानेवर करून पाहायची हेही एव्हाना ठरले असेल. ही गोष्ट लिहिणारा डॉक्टर आहे का, तेवढे विचारायचे राहिले.