इंद्रजीतची एम्पथी

रत्नमालाचे वडील साहेबराव पैठणला वारले, त्याला महिना होत आला. पण ती अजून रडली नव्हती. माहेरी तिनं आईला सावरलं, आल्यागेल्याचं चहापाणी बघितलं आणि संभाजीनगरला परतून मुकाट्यानं स्वयंपाकाला लागली. इंद्रजीतला ते घर खायला उठायचं. त्यानं बायकोचं आपल्या परीनं सांत्वन केलं होतं (‘सगळ्यांनाच जायचंय एक दिवस,’ असं ऐन जेवताना म्हणाला होता). तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. हे असंच राहिलं तर ही आतल्या आत झुरून जाईल, या धास्तीनं त्याला झोप लागेना.

अशात त्याच्या कंपनीत ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, ‘सिम्पथी म्हणजे काठावरून हळहळणं. एम्पथी म्हणजे त्या माणसाच्या जागी जाऊन त्याचं दुःख भोगणं.’

इंद्रजीतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे आपण इतके दिवस नुसती सिम्पथीच वाटत बसलो!

घरी येताच तो सासऱ्यांच्या फोटोखाली बसला, डोळे मिटले आणि रत्नमालाच्या जागी गेला. आधी काहीच येईना. मग साहेबराव एसटीतून उतरताना लेकीसाठी आणलेल्या वांग्यांची पिशवी कशी छातीशी धरायचे, ते आठवलं आणि त्याला हंबरडाच फुटला.

‘बाबा! मला सोडून का गेलात हो?’

हंबरडा खरा होता, हीच पंचाईत. शेजारच्या वहिदाभाभी धावत आल्या. ‘या अल्ला! कौन गया, भाईजान?’

‘बाबा!’

झालं! इंद्रजीतचे वडील नानासाहेब करमाडला चांगले ठणठणीत होते, पण विचारतो कोण? मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून कुणी पिठलं-भाकरी आणली, कुणी खुर्च्या मांडल्या. समोरच्या काकासाहेबांनी तर दुःख कळवायला करमाडला फोन लावला. तो नानासाहेबांनीच उचलला.

खुलासा झाला, तरी आलेल्या माणसांना तसंच कसं लावून द्यायचं? रत्नमालानं सगळ्यांना चहा केला. माणसं गेली. मोरीत कपबशांचा ढीग पडला. इंद्रजीत अपराध्यासारखा तिच्यामागं उभा राहिला.

‘रत्ना, तुझ्या जागी येऊन बघत होतो गं.’

‘माझ्या जागी?’ तिनं घासणी त्याच्या हातात दिली. ‘मंग या. हे घासा. मला जरा रडायचंय.’

ती आतल्या खोलीत गेली आणि अखेर रडली, अगदी पोटातून. ऐकून इंद्रजीतचा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले आणि हातातला कप निसटला.

आतलं रडणं थांबलं. ‘नव्या सेटमधला का?’

‘व्हय.’

ती नाक पुसत बाहेर आली. ‘सरका तिकडं. रडत रडतच घासते आता.’