अंतराळातून आलेलं सूप

त्या संध्याकाळी मी सूप करायचं ठरवलं, एवढाच माझा गुन्हा. बायको शाळेत मीटिंगला अडकली होती, सासरे चार दिवस राहायला आले होते आणि मला त्यांच्यावर छाप पाडायची होती. (मी विमा कंपनीत कारकून आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण सासऱ्यांवर छाप पाडायची तेवढी राहून गेली आहे.)

घरात टोमॅटो नव्हते. दुकानात जायचं म्हणजे कपडे बदला, चपला शोधा. गॅलरीत मात्र बायकोच्या कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. एकीवर ‘अ’ लिहिलेलं, दुसरीवर ‘ब’, आणि दोन्हींवर लालबुंद टोमॅटो लगडलेले. पक्षपात नको म्हणून मी दोन्ही रांगांतले खुडले. पिकलेले सगळे. सूप आटतं, असं ऐकून होतो.

सासरे मीठ जरा पुढे गेलंय म्हणाले खरे, पण दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला. माझ्या संसारातला हा सर्वोच्च क्षण होता आणि तो बायको दार उघडून आत येईपर्यंत टिकला.

ती गॅलरीत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. मी डोकावलो तर एका रिकाम्या फांदीला हात लावून उभी. ओरडली असती तर मला सवय आहे. पण ती अगदी हळू म्हणाली, “अहो, ते टोमॅटो अंतराळात जाऊन आलेल्या बियांचे होते.”

माझ्या हातातला डाव खाली पडला.

मग तिनं सगळं सांगितलं. (आधीही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी फोनमध्ये बघत ‘वा, वा’ केलं असणार.) एका संशोधन संस्थेनं टोमॅटोचं बी यानातून वर पाठवलं, काही महिने तिथं ठेवून परत आणलं आणि शाळांना वाटलं. ‘अ’मध्ये ते बी, ‘ब’मध्ये साधं. तिच्या वर्गातल्या पोरांनी ती रोपं लेकरासारखी वाढवली. सुट्टीत शाळेच्या गच्चीवर पाणी घालायला कोणी नसतं, म्हणून कुंड्या आमच्याकडे आल्या. आता शाळा सुरू झाली की शनिवारी संस्थेच्या शास्त्रज्ञ बाई येणार, मुलं त्यांच्यासमोर टोमॅटो तोडून वजन करणार आणि अंतराळानं काही फरक पडला का ते बघणार, असं ठरलं होतं.

हे सासऱ्यांनी दारात उभं राहून ऐकलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. सासरे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची दोन मतं अगदी ठाम आहेत: खाली रस्त्यात खड्डे असताना वर यानं उडवणं हा शुद्ध वेडेपणा, आणि हल्ली पिकांमध्ये ‘काहीतरी घालतात’. ही दोन्ही संकटं आज एकाच वाडग्यातून त्यांच्या पोटात गेली होती.

“मला हलकं वाटतंय,” ते म्हणाले.

हलकं मलाही वाटत होतं. (आम्ही दोघांनी दुपारपासून सूपाखेरीज काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.) मी धावत जाऊन खालच्या मजल्यावरच्या केमिस्टला घेऊन आलो. त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की वर किरणं असतात, किरणांनी बियांची जनुकं बदलतात, आणि बदललेली जनुकं पोटात गेली तर पुढचं काही सांगता येत नाही. मग ॲसिडिटीच्या दोन गोळ्या ठेवून तो निघून गेला.

बायकोनं आम्हाला समोर बसवलं. किरणांनी बियांत थोडेफार बदल होऊ शकतात, तेच तर बघायचं होतं, असं ती म्हणाली. प्रयोगशाळेत मुद्दाम एखादं जनुक बदललेली पिकं असतात, पण ती गोष्ट वेगळी, आणि त्यांतलंही प्रत्येक पीक नीट तपासून बघावं लागतं, सरसकट घाबरून उपयोग नाही. खाल्लेलं जनुक आपल्या अंगात बिऱ्हाड करत नाही, पचून जातं.

सासऱ्यांना जरा धीर आला. ते म्हणाले, झालं ते झालं, पण यापुढे जनुक असलेली वस्तू घरात आणायची नाही.

“बाबा, जनुकं सगळ्यातच असतात,” बायको म्हणाली. “साध्या टोमॅटोत, कांद्यात, गव्हात. सकाळी तुम्ही केळं खाल्लंत, त्यातसुद्धा.”

सासऱ्यांनी सावकाश पोटावर हात ठेवला. बिचारे जन्मभर जनुकं खात आले होते आणि त्यांना कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही हादरलो होतो, पण घरात एकानं तरी शिकलेलं दिसावं म्हणून मान हलवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी नुसतं मीठ आणि पाणी घेतलं. या दोघांत जनुकं नाहीत, अशी त्यांनी मुलीकडून खात्री करून घेतली होती. मी ऑफिसात डबा उघडला, आत बघितलं आणि परत बंद केला. संध्याकाळी घरी आलो तर बायको गॅलरीत कुंड्यांसमोर बसलेली. मुलांना काय सांगू, एवढंच म्हणाली. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, मी सांगतो.

शनिवारी कुंड्या शाळेत पोचवल्या आणि वर्गापुढे उभं राहून मी सगळं कबूल केलं. पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली. तिच्या शेजारणीनं, काका पानंही खातात का, असं विचारलं. शास्त्रज्ञ बाईंनी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, मग रोपांजवळ जाऊन पानं बाजूला सारली आणि खालचे हिरवे टोमॅटो मुलांना दाखवले. म्हणाल्या, “हे पिकले की मोजू. आमचं एकदा अख्खं यान समुद्रात पडलंय. यांनी फक्त सूप केलं.”

वर्ग हसला आणि त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच बायकोही हसली. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर मागच्या बाकावरून सासरे उठले. उपाशीपोटी हट्टानं आले होते. त्यांनी खड्ड्यांचा प्रश्न विचारला. बाईंनी उलट विचारलं, आज छत्री का आणलीत? फोननं पाऊस सांगितला, सासरे म्हणाले. फोनला कोणी सांगितलं, तर वरून फिरणाऱ्या उपग्रहानं. सासऱ्यांनी छत्रीकडे असं पाहिलं की जणू ती त्यांना न विचारता वर जाऊन आली होती. पण ते बसले नाहीत.

“टोमॅटोत जनुकं असतात तरी किती?”

“पस्तीस हजारांच्या घरात,” बाई म्हणाल्या.

“आणि माणसात?”

“वीस हजारांच्या आसपास.”

सासऱ्यांनी वळून मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“म्हणजे टोमॅटोपेक्षा कमी,” ते म्हणाले आणि शांतपणे खाली बसले. त्या आठवड्यात प्रथमच विज्ञानातली एखादी गोष्ट त्यांना धक्का न बसता, पुरावा न मागता पटली होती.